तटस्थ राहायचं ठरवलेली अमेरिका १८१२ साली युद्धात का पडली?

प्रश्न असा आहे: १८१२ साली ब्रिटनशी लढायचं अमेरिकेचं काय अडलं होतं? युरोपच्या भांडणात पडायचं नाही, असं पहिल्या राष्ट्राध्यक्षापासून सगळे म्हणत होते. आरमार नावापुरतं होतं. भांडण मालवाहू जहाजांचं होतं. मग व्यापाराचं नाव पुढे करून खरा डोळा कॅनडाच्या जमिनीवर होता का?

माझी सगळी नोकरी सागरी विम्याचे दावे तपासण्यात गेली. त्यामुळे या युद्धाकडेही मी कागदांच्या बाजूने बघतो: माल कुणाचा, कुठे चढला, कुठे उतरला, शुल्क कुणी भरलं आणि कुणी परत घेतलं. उत्तर आधीच सांगून टाकतो. जहाजं पकडली जात होती म्हणून अमेरिका लढली, हे अर्धवट उत्तर आहे. जहाजं पकडली जात असतानाही तिचा धंदा जोरात होता. लढाई टाळण्यासाठी तिच्या सरकारने व्यापारालाच हत्यार केलं. ते हत्यार पाच वर्षं जास्त करून स्वतःच्याच अंगावर चाललं. ते बोथट झाल्याचं सगळ्यांना दिसू लागलं, तेव्हा सरकारपुढे लढाई आणि नामुष्की एवढेच दोन रस्ते उरले.

सुरुवात १७९३ ची. ब्रिटन आणि फ्रान्स यांचं युद्ध पेटलं आणि वॉशिंग्टनने २२ एप्रिलला तटस्थतेची घोषणा केली. फ्रान्सशी १७७८ पासून मैत्रीचा तह होता, म्हणून काहींना हा विश्वासघात वाटला. पण व्यापाऱ्यांच्या लवकरच लक्षात आलं की या तटस्थतेत सोनं आहे. फ्रेंच आणि स्पॅनिश जहाजांना ब्रिटिश आरमार समुद्रावर टिकू देईना, आणि त्यांच्या कॅरिबियन वसाहतींतली साखर, कॉफी, कोको युरोपला पोचवायला कुणीतरी हवंच होतं. ते काम बॉस्टन, सेलम, बाल्टिमोर, न्यूयॉर्कच्या जहाजांनी घेतलं. परदेशी माल अमेरिकेत आणून पुन्हा बाहेर पाठवण्याची ही पुनर्निर्यात १७९२ साली वीस लाख डॉलरच्याही आत होती. १८०७ साली ती सहा कोटींच्या घरात गेली, म्हणजे देशाच्या स्वतःच्या मालाच्या निर्यातीपेक्षाही जास्त. इतक्या वेगाने वाढलेल्या धंद्याला धक्का लागला की ओरड किती होते, ते दावे विभागात बसलेल्याला विचारा.

आता कायद्याची मेख. ब्रिटनचा एक जुना नियम होता, १७५६ चा म्हणून ओळखला जाणारा: शांततेच्या काळात जो व्यापार तुम्हाला बंद होता, तो युद्ध लागलं म्हणून तटस्थाच्या नावाखाली खुला होत नाही. फ्रान्स आणि स्पेन एरवी आपल्या वसाहतींचा माल परक्या जहाजांना नेऊ देत नसत. तेव्हा अमेरिकनांनी तो नेणं म्हणजे शत्रूला मदत, असं ब्रिटनचं म्हणणं. यावर अमेरिकन व्यापाऱ्यांनी तोड काढली. हवानाची साखर थेट स्पेनला न्यायची नाही. आधी अमेरिकन बंदरात आणायची, तिथे उतरवायची, शुल्क भरायचं आणि मग नव्या कागदांवर पुढे पाठवायची. मधे तुटलेला प्रवास म्हणजे दोन वेगळे प्रवास. १८०० साली ‘पॉली’ या जहाजाच्या खटल्यात सर विल्यम स्कॉट यांच्या प्राइझ कोर्टाने, म्हणजे युद्धात पकडलेल्या जहाजांचे खटले चालवणाऱ्या ब्रिटिश न्यायालयाने, हे मान्य केलं. माल मार्बलहेडला उतरला, शुल्क भरलं, म्हणजे तो अमेरिकेचा झाला.

पाच वर्षं सगळे खुशीत होते. १८०५ मध्ये ‘एसेक्स’चा निकाल आला. हे जहाज बार्सिलोनाहून माल घेऊन सेलमला आलं आणि तिथून हवानाला निघालं. लंडनच्या अपील न्यायालयाने सेलमच्या कस्टम्सचे कागद उघडून पाहिले. शुल्क ‘भरलं’ होतं खरं, पण माल पुन्हा बाहेर पाठवला की बहुतेक सगळं ड्रॉबॅक म्हणून परत मिळण्यासारखं होतं. निर्यातीच्या धंद्यात असलेल्यांना ड्रॉबॅक समजावून सांगायला नको. न्यायालयाचं म्हणणं एवढंच, की जे शुल्क परत घ्यायच्या बोलीवर भरलं त्याला भरलं कसं म्हणायचं? मालकाचा हेतू पहिल्यापासून हवानाचा होता, म्हणून प्रवास एकच आणि जहाज जप्त. तांत्रिकदृष्ट्या मला हा निकाल चुकीचा वाटत नाही. अन्याय दुसरीकडे होता. पाच वर्षं चालू दिलेली रीत एका दिवसात गुन्हा ठरली आणि समुद्रावर असलेल्या जहाजांना त्याची खबरही नव्हती. काही महिन्यांत डझनांनी जहाजं पकडली गेली, आणि विम्याचे दर चढले.

त्याच वर्षी ट्रफाल्गरला फ्रेंच आणि स्पॅनिश आरमार मोडलं आणि ऑस्टरलिट्झला नेपोलियनने जमीन जिंकली. एकाला समुद्रावर तोड नाही, दुसऱ्याला जमिनीवर. थेट भिडता येईना तेव्हा दोघांनी एकमेकांचा व्यापार गळा धरून दाबायला सुरुवात केली. नोव्हेंबर १८०६ मध्ये बर्लिन हुकूम निघाला: ब्रिटिश बेटांशी सगळा व्यापार बंद. ब्रिटनने १८०७ मध्ये ऑर्डर्स इन कौन्सिल काढल्या. संसदेत कायदा न करता राजाच्या सल्लागार मंडळाच्या नावाने निघणारे हे हुकूम. त्यांचा मथितार्थ: युरोपला माल न्यायचा असेल तर आधी ब्रिटिश बंदरात या, आमचं शुल्क आणि परवाना घ्या. डिसेंबरात नेपोलियनने मिलानहून उत्तर दिलं: जो ब्रिटिश झडती होऊ देईल किंवा ब्रिटिश शुल्क भरेल, ते जहाज आम्ही ब्रिटिश समजून जप्त करू. अमेरिकन कप्तानाने एकाचं ऐकलं की तो दुसऱ्याच्या लेखी गुन्हेगार.

फ्रान्सनेही काही कमी लुटलं नाही, हे विसरलं जातं. १८१२ साली परराष्ट्र खात्याने काँग्रेसला दिलेल्या यादीत ब्रिटनने पकडलेली जहाजं नऊशेवर आहेत, तर फ्रान्सची साडेपाचशेच्या आसपास. मग युद्ध ब्रिटनशीच का? सिनेटमध्ये फ्रान्सलाही यात ओढायची सूचना आली होती आणि ती फार मोठ्या फरकाने पडली नाही. फरक पाडणारी गोष्ट यादीतल्या जहाजांत नव्हती, ती डेकवरच्या माणसांत होती.

ब्रिटिश आरमाराला या काळात लाखाच्या वर माणसं लागत होती. पगार कमी, शिस्त चाबकाची, सुटका युद्ध संपल्यावर. खलाशी पळत आणि अमेरिकन जहाजांवर चढत. तिथे पगार चांगला मिळे. ब्रिटिश कप्तान अमेरिकन व्यापारी जहाज थांबवायचा, सगळ्यांना डेकवर उभं करायचा आणि त्याला ब्रिटिश वाटतील ते लोक उचलून न्यायचा. जन्माने ब्रिटिश तो मरेपर्यंत ब्रिटिश, अशी लंडनची भूमिका. नवं नागरिकत्व घेता येतं, अशी अमेरिकेची. १७९६ पासून अमेरिकन खलाशांना नागरिकत्वाचे दाखले मिळत. पण हे दाखले थोड्या पैशांत विकतही मिळत, त्यामुळे ब्रिटिश अधिकारी खऱ्या दाखल्यालाही भीक घालत नसत. सरकारी यादीत अशा माणसांचा आकडा सहा हजारांच्या वर होता. त्यात काही नावं दोनदा असतील, काही माणसं खरोखरच ब्रिटिश असतील. पण एखाद्या गावातला एक मुलगा असा गेला, तरी त्या गावाला आकड्याशी काय देणंघेणं?

यात एक अडचणीची गोष्ट होती आणि ती वॉशिंग्टनमध्ये माहीत होती. अर्थमंत्री अल्बर्ट गॅलाटिन यांनी १८०७ मध्ये हिशेब मांडला: परदेशी व्यापारातल्या अमेरिकन जहाजांवर सुमारे नऊ हजार ब्रिटिश खलाशी असावेत. ते परत दिले तर अमेरिकेचा जहाजधंदाच अडतो. म्हणजे ब्रिटनची तक्रार खोटी नव्हती आणि अमेरिकेची तडजोडीची तयारी मनापासूनची नव्हती. दोन्हीकडे गरज इतकी सख्त होती की तहाच्या भाषेत ती मावेना. अमेरिकेचे वकील मनरो आणि पिंकनी यांनी १८०६ च्या शेवटी लंडनमध्ये तह केला. त्यात खलाशांच्या या सक्तीच्या भरतीवर कलम नाही म्हणून राष्ट्राध्यक्ष जेफरसननी तो सिनेटपुढे मांडलाच नाही. या साखळीतली सर्वात महागडी चूक मी त्यालाच म्हणेन. त्या तहात व्यापारासाठी घेण्यासारखं बरंच होतं.

२२ जून १८०७ ला व्हर्जिनियाच्या किनाऱ्याजवळ ‘लेपर्ड’ या ब्रिटिश युद्धनौकेने ‘चेसापीक’ या अमेरिकन युद्धनौकेला थांबवलं. पळालेले खलाशी द्या म्हणाली. कमोडोर बॅरननी नकार दिला. लेपर्डने तोफा डागल्या. तीन जण जागीच मेले, अठरा जखमी झाले आणि चार खलाशी ओढून नेले. त्यांपैकी जेंकिन रॅटफर्ड हा ब्रिटिश होता, त्याला हॅलिफॅक्सला फाशी झाली. बाकीचे तिघे अमेरिकन होते. व्यापारी जहाजाची झडती ही एक गोष्ट, पण देशाच्या युद्धनौकेवर हात टाकणं ही दुसरीच. त्या उन्हाळ्यात युद्ध मागितलं असतं तर जेफरसनना जवळजवळ एकमुखी पाठिंबा मिळाला असता. त्यांनी मागितलं नाही. त्याऐवजी त्यांनी एम्बार्गो आणला.

२२ डिसेंबर १८०७ चा हा कायदा वाचला तर आजही चकित व्हायला होतं. अमेरिकन जहाजांनी परदेशी जायचंच नाही. कुणी पकडायला नको, कुणी झडती घ्यायला नको. आमच्या धान्य-कापसावाचून युरोप वठणीवर येईल, अशी खात्री. गॅलाटिननी चार दिवस आधी जेफरसनना लिहून कळवलं होतं की कायमच्या एम्बार्गोपेक्षा आपल्याला युद्ध परवडेल. तिजोरी सांभाळणारा माणूस होता तो. सरकारचं उत्पन्न जवळपास सगळं आयातशुल्कातून येतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

निर्यात १८०७ मध्ये १० कोटी ८० लाख डॉलर होती. १८०८ मध्ये ती २ कोटी २० लाखांवर आली. खलाशी बेकार झाले, कापूस आणि तंबाखू गोदामात पडून राहिला. किनाऱ्याने जाणाऱ्या होड्यांनाही हमीपत्र द्यावं लागे, आणि तरी त्या ‘वादळाने भरकटून’ कॅरिबियन बेटांवर पोचत. व्हरमाँटचे लोक लेक शॅम्प्लेनवरून तराफे भरभरून माल कॅनडात नेऊ लागले, इतके की एप्रिल १८०८ मध्ये जेफरसनना तिथल्या टोळ्यांना पांगण्याची जाहीर ताकीद द्यावी लागली. न्यूयॉर्कचे व्यापारी जॉन जेकब अ‍ॅस्टर यांची करामत तर दाद देण्यासारखी. एका चिनी ‘सरदारा’ला घरी सोडायचं आहे म्हणून त्यांचं ‘बीव्हर’ जहाज खास परवानगीने कँटनला गेलं आणि माल भरून भरघोस नफा घेऊन आलं. तो सरदार खरा कोण होता यावर बाकीचे व्यापारी दात ओठ खात राहिले.

ब्रिटनला काय झालं? गिरण्यांच्या गावांना त्रास झाला, पण त्याच वर्षी स्पेन नेपोलियनविरुद्ध उठला आणि दक्षिण अमेरिकेच्या बाजारपेठा ब्रिटिश मालाला उघडल्या. नेपोलियनने बायोनहून हुकूम काढला: फ्रेंच बंदरांतली अमेरिकन जहाजं एम्बार्गो मोडूनच आली असणार, तेव्हा ती जप्त. आपल्याच कायद्याची अंमलबजावणी लुटारूने करावी, यापुढे थट्टेची हद्द नाही. मार्च १८०९ मध्ये, जेफरसन पायउतार होता होता, एम्बार्गो उठला.

पुढची तीन वर्षं नवे राष्ट्राध्यक्ष मॅडिसन यांची. फक्त ब्रिटन-फ्रान्सशी व्यापार बंद, बाकी जगाशी खुला, असा कायदा झाला. १८०९ मध्ये ब्रिटिश राजदूत अर्स्किन यांनी समझोता केला. जहाजं आनंदाने निघाली आणि मग लंडनमधून परराष्ट्रमंत्री कॅनिंग यांनी तो समझोताच नाकारला. १८१० मध्ये मेकनचं दुसरं बिल आलं: दोघांशी व्यापार खुला, पण जो आधी आपले हुकूम मागे घेईल त्याच्या शत्रूशी आम्ही व्यापार बंद करू. हा म्हणजे दोन ठगांपुढे मांडलेला लिलाव होता, आणि त्यात अट्टल ठग जिंकला. ऑगस्टमध्ये नेपोलियनचे मंत्री कादोर यांचं पत्र आलं, की हुकूम १ नोव्हेंबरपासून रद्द होतील, अमुक अटीवर. जप्त्या चालूच राहिल्या. मॅडिसननी तरी ते पत्र खरं मानलं आणि १८११ मध्ये ब्रिटिश मालाची आयात बंद केली. ते फसले, असं बहुतेक पुस्तकं म्हणतात. मला वाटतं त्यांना ब्रिटनशी कोंडी फोडायला काहीतरी हवंच होतं आणि त्यांनी डोळे उघडे ठेवून फसून घेतलं.

नोव्हेंबर १८११ मध्ये नवी काँग्रेस भरली. हेन्री क्ले स्पीकर, सोबत कॅल्हून, ग्रंडी अशी तरुण मंडळी. क्रांतियुद्ध त्यांनी लढलं नव्हतं, ऐकलं होतं. त्यांचा सवाल सोपा होता: पाच वर्षं कायदे केले, मिळालं काय? त्याच महिन्यात टिपेकनूला इंडियाना प्रांताचे गव्हर्नर हॅरिसन यांची तिथल्या मूळ टोळ्यांशी लढाई झाली, आणि या टोळ्यांचा नेता टेकुमसे याच्या लोकांना ब्रिटिश बंदुका पुरवतात असं सीमेवर सगळे म्हणू लागले.

१ जून १८१२ ला मॅडिसननी काँग्रेसला संदेश पाठवला. पहिली तक्रार खलाशांची, मग किनाऱ्यावरची नाकेबंदी, मग ऑर्डर्स इन कौन्सिल, आणि शेवटी टोळ्यांचा मुद्दा. प्रतिनिधीगृहात ७९ विरुद्ध ४९, सिनेटमध्ये १९ विरुद्ध १३. १८ जूनला सही झाली. मतांची वाटणी मात्र उलटी. ज्यांची जहाजं पकडली जात होती त्या न्यू इंग्लंडमधली जास्त मतं युद्धाच्या विरोधात, आणि ज्या केंटकी आणि टेनेसीला समुद्रच नाही त्यांची प्रतिनिधीगृहातली सगळी बाजूने. विरोधी फेडरलिस्ट पक्षाच्या एकानेही होकार दिला नाही. यात नवल नाही. जहाजमालक तीनातलं एक जहाज गेलं तरी दोनांवर नफा काढतो. त्याला युद्ध म्हणजे तिन्ही गेली. आतल्या भागातल्या शेतकऱ्याला कापसाचा आणि तागाचा भाव पडलेला दिसतो आणि त्याचं खापर तो लंडनवर फोडतो. मान-अपमानाचा हिशेबही त्याच्या वहीत वेगळा.

इथे कॅनडाचा प्रश्न येतो. जमीन हवी असणारे होते, नाही म्हणत नाही. पण ब्रिटनकडे पाचशेवर युद्धनौका आणि अमेरिकेकडे सोळा-सतरा; हल्ला करायचा तर जमिनीने पोचता येईल असं कॅनडा एकच ठिकाण होतं. शिवाय बाल्टिक बंद झाल्यावर ब्रिटिश आरमाराचं लाकूड कॅनडातून येत होतं, आणि एम्बार्गो फोडणारा मालही तिथूनच जात होता. माझ्या मते कॅनडा हे तारण होतं, वाद मिटवताना टेबलावर ठेवायला. तयारी मात्र तारण घेण्याइतकीही नव्हती. १८११ मध्ये उपराष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या निर्णायक मताने मध्यवर्ती बँकेची सनद संपू दिली गेली, आणि सरकार कर्ज कुठून काढणार हे ठरायच्या आत युद्ध पुकारलं गेलं. ऑगस्टमध्ये डेट्रॉइट शत्रूच्या हाती गेलं.

आणि आता सगळ्यात कडू भाग. १८११ ची आयातबंदी खरोखर लागू पडली होती. लँकेशायर, बर्मिंगहॅमच्या कारखानदारांचे अर्ज संसदेवर येऊन पडले, विरोधी खासदार ब्रूअम यांनी ते लावून धरले. ११ मे १८१२ ला पंतप्रधान पर्सिव्हल यांचा खून झाला, तोही भलत्याच कारणासाठी, रशियात बुडालेल्या पैशांची दाद न मिळालेल्या एका व्यापाऱ्याकडून. हुकूमांचा मोठा पुरस्कर्ता गेला. १६ जूनला सरकारने माघार जाहीर केली, २३ जूनला हुकूम निघाला. युद्ध पाच दिवस आधी लागलं होतं आणि बातमी अटलांटिक ओलांडायला आठवडे घेई. हुकूम रद्द झाल्याचं आधी कळतं तर युद्धाची घोषणा थांबली असती, असं मॅडिसननी पुढे उतारवयात लिहिलं. ऑगस्टमध्ये कळल्यावर मात्र ते थांबले नाहीत, कारण खलाशांचा प्रश्न तसाच होता. माझा कौल असा, की वेळेवर कळलं असतं तर सिनेटमधली ती सहा मतांची आघाडी टिकली नसती.

युद्धाबद्दल थोडक्यात. अमेरिकेचं धान्य ब्रिटिश परवान्यांवर स्पेनमधल्या ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनच्या फौजेला जात राहिलं, युद्ध चालू असताना. १८१४ मध्ये राजधानी जाळली गेली आणि निर्यात सत्तर लाख डॉलरपर्यंत घसरली. एम्बार्गोतही ती इतकी खाली गेली नव्हती. २४ डिसेंबरला गेंटला तह झाला. त्यात सक्तीच्या भरतीचा शब्द नाही, तटस्थांच्या हक्कांचा शब्द नाही. नेपोलियन पडल्यावर ब्रिटनला ना खलाशी हवे होते ना नाकेबंदी, त्यामुळे भांडणाचा विषयच उरला नव्हता.

या युद्धाचा मुंबईशी काय संबंध, असं बरेच जण विचारतात. ‘मिंडेन’ या वाडियांच्या गोदीत बांधलेल्या जहाजावर अमेरिकेचं राष्ट्रगीत लिहिलं गेलं, ही गोष्ट आपल्याकडे हौसेने सांगितली जाते. ती सोडून द्या. फ्रान्सिस स्कॉट की त्या रात्री बाल्टिमोरसमोर अमेरिकन जहाजावर होते. खरे धागे दोन आहेत. जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या हाताखाली मुंबईत बांधलेली आणि १८१३ मध्ये पाण्यात उतरलेली ‘कॉर्नवॉलिस’ एप्रिल १८१५ मध्ये ‘हॉर्नेट’ या अमेरिकन नौकेच्या मागे लागली. वजन कमी करायला हॉर्नेटने आपल्या तोफा समुद्रात फेकल्या तेव्हा ती सुटली. आणि शेवटची चकमक ३० जून १८१५ ला सुंदा सामुद्रधुनीत झाली. अमेरिकन ‘पीकॉक’ने ईस्ट इंडिया कंपनीच्या बाँबे मरीन या आरमाराच्या ‘नॉटिलस’वर हल्ला केला. नॉटिलसचे लेफ्टनंट बॉइस तह झाल्याचं सांगत होते, पण निशाण उतरवायला तयार नव्हते. मेलेल्यांत लास्कर, म्हणजे हिंदुस्थानी खलाशीही होते. दुसऱ्या दिवशी पीकॉकच्या कप्तानाने नॉटिलस सोडून दिली.

त्यानंतर तीनच दिवसांनी, ३ जुलैला, लंडनमध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांनी व्यापारी करार केला. त्याने कलकत्ता, मद्रास, मुंबई आणि पिनांग ही बंदरं अमेरिकन जहाजांना खुली झाली. १७९४ च्या जे तहातही हिंदुस्थानाशी व्यापाराची अशीच सवलत होती. अटही तीच राहिली: इथे भरलेला माल अमेरिकन जहाजाने अमेरिकेच्याच बंदरात न्यायचा आणि तिथेच उतरवायचा.